रेस ट्रॅकवर उतरण्याआधी: हौशी ड्रायव्हरांचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्रातून ट्रकवर गाडी चढवून कोइम्बतूर-चेन्नईला जाणाऱ्या, किंवा तिथल्याच एखाद्या टीमची गाडी भाड्याने घेऊन पहिली शर्यत पळणाऱ्या मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. भारतात या खेळाचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय करते. तिचे नियम एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांवर बेतलेले आहेत. प्रत्येक स्पर्धेची शिवाय स्वतःची पुरवणी नियमावली असते. तिच्यात आणि इथल्या उत्तरात फरक दिसला तर नियमावली खरी धरा.

घाटात मी गाडी चांगली चालवतो. ट्रॅकवर असं काय वेगळं आहे?

घाटात तुम्ही समोरच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. वळणापलीकडून एसटी अर्धा रस्ता खाऊन आली तरी निभावेल एवढी जागा राखून तुम्ही चालवता. ट्रॅकवर शेजारची गाडी हातभर अंतरावर असते, वेग दीडशेच्या घरात, आणि दोघांनाही एकमेकांवर विसंबूनच वळणात शिरायचं असतं. ताशी १५० किमी वेगाला गाडी सेकंदाला जवळपास ४२ मीटर जाते. समोरचा काय करणार हे ओळखण्यात अर्धा सेकंद गेला की २१ मीटर गेले. म्हणून ट्रॅकवरचे बहुतेक नियम वेगाबद्दल नाहीतच. तुमचा अंदाज दुसऱ्याला यावा, यासाठी ते आहेत. हळू पण आपली लाइन, म्हणजे ट्रॅकवरचा आपला मार्ग, धरून जाणाऱ्या नवख्याचा कुणालाच त्रास होत नाही. धास्ती असते ती वेगवान पण लहरी माणसाची.

परवाना लागतो का?

लागतो. आरटीओचा नव्हे, एफएमएससीआयचा स्पर्धा परवाना. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि नवख्याने आधी रेसिंग स्कूलमध्ये शिकून यावं अशी अपेक्षा असते. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासताच सही आणणारे पुष्कळ आहेत. शिक्का मिळतो, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे किंवा फिट येऊन गेली आहे हे ट्रॅकवरच्या डॉक्टरला कळायचं राहून जातं, आणि बेशुद्ध माणसाला विचारता येत नाही. नावाशेजारी लिहायचा रक्तगटसुद्धा आठवणीवर लिहू नका, रिपोर्ट काढून बघा.

मुंबई-पुण्याकडच्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

गो-कार्टपासून. कोल्हापुरात, मुंबई-पुण्यात कार्टिंग होतं, आणि गर्दीत लाइन कशी धरायची, मागच्याचं भान कसं ठेवायचं हे तिथे कमी खर्चात अंगवळणी पडतं. मोठ्या शर्यतींसाठी दक्षिण गाठावी लागते. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किमीचा, आखूड आणि वळणावळणाचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किमीचा, तिथे वेग जास्त. उत्तरेला ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किमीचं. पहिल्या शर्यतीला मी कारीच सुचवेन. लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, छोटी, त्यामुळे तेच वळण पुन्हा पुन्हा हाताखालून जातं.

रात्री रिकाम्या हायवेवर सराव केला तर?

करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सराव म्हणून त्याचा उपयोग शून्य. हायवेवर ना ब्रेकिंग पॉइंट, म्हणजे ब्रेक मारायची ठरलेली जागा, ना अपेक्स, म्हणजे वळणाचा सर्वात आतला बिंदू.

बाइकचं चांगलं, महागडं हेल्मेट आहे. तेच चालेल का?

नाही. बाइकस्वार गाडीवरून फेकला जातो, रस्त्यावर आपटतो. ते हेल्मेट त्या हिशेबाने बनवलेलं असतं. कारमध्ये डोकं रोल केजच्या, म्हणजे केबिनमध्ये बसवलेल्या पोलादी पिंजऱ्याच्या, पाइपवर, तेही एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटू शकतं, आणि आग लागू शकते. कार रेसिंगच्या हेल्मेटची त्या पाइपच्या माराची आणि आगीची वेगळी चाचणी होते. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या अमेरिकी संस्थेच्या शिक्क्यावर ‘एसए’ अक्षरं असतील तर ते कारसाठी, ‘एम’ असेल तर बाइकसाठी. एफआयए ८८५९-२०१५ हे दुसरं नेहमी दिसणारं मानक. नुसता आयएसआय मार्क पाहून कुणी आत सोडणार नाही. विकत घेण्याआधी तुमच्या स्पर्धेत कोणतं मानक चालतं ते लेखी बघा. जुन्या मानकांची हेल्मेटं सेलमध्ये स्वस्त मिळतात, ती बहुधा याचमुळे.

हान्सशिवाय चालणार नाही का? महाग आहे आणि मान वळत नाही.

मान वळत नाही ही तक्रार पहिल्या दिवसाची असते. आरसे नीट लावले की विसरायला होतं. हान्स म्हणजे खांद्यांवर बसणारी कॉलरसारखी चौकट. हार्नेसचे, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टचे, पट्टे तिच्यावरून जातात आणि हेल्मेट दोन छोट्या पट्ट्यांनी तिला अडकवलेलं असतं. गाडी समोरून धडकते तेव्हा हार्नेस धड जागेवर धरतं, पण डोकं पुढे जातच राहतं. सगळा ताण कवटी आणि मान जिथे जुळतात तिथे येतो, आणि कवटीचा तळ फुटतो. अमेरिकेत रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकाने आपला रेसर मेहुणा जिम डाउनिंग याच्यासोबत १९८०च्या दशकात यावर हा उपाय काढला, पण वर्षानुवर्षं ड्रायव्हर लोक नाकं मुरडत राहिले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या लॅपमध्ये तिथला नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला, तो याच प्रकारच्या इजेने. बघणाऱ्यांना ती धडक फार मोठी वाटलीही नव्हती. त्याच वर्षी नासकार या तिथल्या शर्यत संघटनेने आणि २००३ मध्ये फॉर्म्युला वनने डोकं-मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं.

हान्स घेतलंत तर हार्नेसही त्याला साजेसं हवं. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली खुब्याच्या हाडांवर बसला पाहिजे. आधी तो आवळायचा, मग खांद्याचे. हार्नेसवर वैधतेचं वर्ष छापलेलं असतं. ते उलटलं की पट्टा कितीही कोरा दिसो, बदलावा लागतो.

रेसिंग सूटच्या आत काय घालायचं?

नोमेक्स या आगरोधक कापडाचे आतले कपडे, मोजे, डोक्यावर बालाक्लावा, म्हणजे डोकं-तोंड झाकणारी टोपी. तेवढं बजेट नसेल आणि नियम परवानगी देत असतील तर निदान शुद्ध सुती. जिममध्ये घालायचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट मुळीच नको. तो वितळून कातडीला चिकटतो. सूट तुम्हाला आगीपासून कायमचा वाचवत नाही. बाहेर पडायला दहा-बारा सेकंदांची उसंत देतो. बहारीनला २९ नोव्हेंबर २०२० रोजी फॉर्म्युला वन ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँ जळत्या गाडीत सुमारे २८ सेकंद होता आणि मुख्यतः हात भाजून वाचला. ती फॉर्म्युला वनची सामग्री होती. आपण कमी सेकंद धरून चालावं आणि सीटवरून बाहेर पडण्याचा सराव पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे टीम गाड्या ठेवतात त्या आवारात, हेल्मेट-हान्ससकट, डोळे मिटून करावा. पट्टा, जाळी, दाराची कडी, याच क्रमाने हात आपोआप गेले पाहिजेत.

रोजच्या गाडीत रोल केज बसवू का?

रोजची गाडी रोजचीच राहू द्या. केजचा मुख्य पाइप एफआयएच्या मापाने ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमीचा आणि २ मिमी जाडीचा, सीमलेस स्टीलचा असतो. हेल्मेट घातलेल्या माणसाला तो वाचवतो. हेल्मेटशिवाय दादरला भाजी आणायला निघालेल्याच्या कानशिलापासून तो चार बोटांवर असतो. शिवाय रोजच्या गाडीच्या रचनेत असे बदल करणं आरटीओच्या नियमांतही बसत नाही.

स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीत, नेमकं काय बघतात?

कागदावर यादी लांब आहे, पण जुना स्क्रुटिनियर कागद नंतर बघतो. बॉनेट उघडलं की तो आधी बॅटरी दोन्ही हातांनी धरून हलवतो. ती इंचभर जरी सरकली तरी तुम्ही परत रांगेत. मग ब्रेक पेडलवर पाय ठेवून दाबून धरतो आणि गप्प उभा राहतो. पेडल हळूहळू खाली जातंय का, हे त्याला बघायचं असतं. मग बाहेरचा कट-ऑफ स्विच, निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं चिन्ह असलेला. इंजिन चालू ठेवून तो ओढायला सांगतो. बऱ्याच घरगुती गाड्यांत तो ओढला तरी अल्टरनेटरच्या जिवावर इंजिन चालूच राहतं. ही वायरिंगची ढोबळ चूक आहे, आणि ती शनिवारी सकाळी उघडकीला येण्यापेक्षा गॅरेजमध्ये आलेली बरी. टो हुक बाहेरून दिसला पाहिजे, उठून दिसणाऱ्या रंगात. फायर एक्स्टिंग्विशर धातूच्या पट्ट्यांनी जखडलेला हवा. प्लॅस्टिकच्या क्लिपमधला एक्स्टिंग्विशर अपघातात तुमच्याच दिशेने उडतो.

तपासणीत सहसा न पकडली जाणारी गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि मुरलेल्या डॉट ४ ची मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. मुंबईच्या दमट हवेत वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑइल न बदलता कुणी कारीच्या वळणांत उतरला, तर पेडल कधीतरी तळाला जाणारच. स्पर्धेआधी बदला. हॉट लॅप, म्हणजे पूर्ण वेगाची फेरी, मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत टीमच्या थांब्यावर, आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या मागच्या ब्रेकवर पॅड दाबून धरले जातात. चाकाला ओंडका लावा.

कोणता झेंडा काय सांगतो?

पिवळ्या आणि लाल झेंड्याचं पुढे सविस्तर सांगतो, कारण जीव तिथे जातो. बाकीचे असे. हिरवा: धोका मागे पडला, आता मोकळं. पिवळ्यावर लाल उभे पट्टे: पुढे रस्ता निसरडा आहे, ऑइल किंवा पाणी सांडलंय. पांढरा: पुढे कुणीतरी फार हळू चाललंय, बंद पडत आलेली गाडी किंवा अॅम्ब्युलन्स. तुमच्या नंबरासोबत काळा-पांढरा तिरका: तुमचं वागणं नोंदलं गेलंय, ही शेवटची ताकीद समजा. नंबरासोबत काळा: पिटमध्ये या, अधिकारी वाट बघतायत. काळ्यावर केशरी गोळा, तोही नंबरासोबत: तुमच्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये या. हा शेवटचा झेंडा लोक हमखास उडवून लावतात. ‘गाडी तर झकास पळतेय!’ आत बसून झकासच वाटते. मागून धूर येतोय किंवा बंपर लोंबतोय हे बाहेरच्याला दिसतं.

सरावाच्या पहिल्या दोन-तीन लॅपमध्ये टायर तापवता तापवता प्रत्येक मार्शल पोस्ट, म्हणजे झेंडे दाखवणारे मार्शल उभे असतात ती जागा, कुठे आहे ते पाठ करा. बऱ्याच नवख्यांना ब्रेकिंग बोर्ड आठवतो, पोस्ट आठवत नाही.

पिवळा दिसला की किती हळू व्हायचं?

एक पिवळा हलत असेल तर: वेग कमी, ओव्हरटेक बंद, लाइन बदलायची तयारी. दोन पिवळे हलत असतील तर: वेग खूपच कमी, आणि थांबावं लागलं तर थांबता येईल एवढा. दोनचा अर्थ बहुतेकदा असा की रस्ता अडलाय किंवा ट्रॅकच्या कडेला माणसं काम करतायत. ओव्हरटेकची बंदी पहिल्या पिवळ्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंत.

‘मी एक्सलेटर थोडा सोडला होता’ हे उत्तर कुठल्याही स्टुअर्डला, म्हणजे शर्यतीच्या पंचाला, पटत नाही. तुम्ही हळू झालात हे पोस्टवरच्या माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दुहेरी पिवळ्यात ती लॅप गेली असं समजा. आकडेमोड सोपी आहे: धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १५० वरून १०५ वर आलात तर ती निम्मी होते. लॅपमधले तीन-चार सेकंद जातात, पण ते तिथे असलेल्या प्रत्येकाचे जातात.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधल्या सुझुकाला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पाऊस होता. एका गाडीची घसरण झाली होती, ती उचलायला ट्रॅक्टर आत आला होता, दोन पिवळे हलत होते. ज्यूल बियांकीची गाडी तिथेच घसरली आणि त्या ट्रॅक्टरखाली गेली. तो शुद्धीवर आलाच नाही, १७ जुलै २०१५ रोजी गेला. एफआयएच्या चौकशी समितीने इतर कारणांसोबत हेही नोंदवलं की त्याने वेग पुरेसा कमी केला नव्हता. त्यानंतर फॉर्म्युला वनने व्हर्च्युअल सेफ्टी कार आणली: सगळ्यांचा वेग ठरवून बांधायचा, किती कमी करायचं हे ड्रायव्हरवर सोडायचंच नाही. आपल्या क्लब शर्यतीत ती सोय नसते. तिथे ते तुमच्यावरच सोपवलेलं असतं.

आणि लाल?

शर्यत थांबली. ओव्हरटेक नाही, हळू व्हा, सांगितलेल्या जागी या. पण ब्रेकवर उभे राहू नका, मागच्याने झेंडा अजून पाहिलेला नसेल. आरशात बघत वेग उतरवा, हात वर करा किंवा हॅझर्ड लावा.

निळा झेंडा दाखवला की बाजूला व्हायचं ना?

व्हायचं, पण अचानक नाही. मागची गाडी तुम्हाला एक लॅप देऊन पुढे निघाली आहे, तिला जाऊ द्या एवढंच तो सांगतो. नवखे घाबरून ब्रेक मारतात नाहीतर नेमके तिच्याच पुढ्यात वळतात. मागच्याने तुमची लाइन गृहीत धरूनच आपली बाजू ठरवलेली असते. तुम्ही आपल्या लाइनवर राहा, पुढच्या सरळ पट्ट्यावर एक्सलेटर जरासा सोडा, ती जाईल. कोणत्या बाजूने जावं हे हाताने दाखवलंत तर उत्तम. वळणाच्या मधोमध सौजन्य दाखवू नका.

ओव्हरटेक करताना वळण कुणाचं?

स्टुअर्डच्या खोलीतले निम्मे वाद इथे सुरू होतात. मूळ तत्त्व असं की मागून येणाऱ्याने सुरक्षित ओव्हरटेक करायचा, आणि शेजारी आलेल्याला पुढच्याने एका गाडीइतकी जागा सोडायची. भांडण असतं ते ‘शेजारी’ म्हणजे किती यावर. वेगवेगळ्या मालिकांत वेगळी मोजपट्टी असते, आणि ती ड्रायव्हर्स ब्रीफिंगमध्ये विचारून घ्यावी. नवख्याला मी जो ठोकताळा देतो तो असा: समोरचा वळायला लागण्याआधी तुमचं पुढचं चाक त्याच्या दारापर्यंत पोचलेलं आणि त्याला आरशात दिसलेलं असलं पाहिजे. तो वळायला लागल्यावर मागून ब्रेक उशिरा मारून आत घुसलात आणि टक्कर झाली, तर ‘जागा होती’ या सबबीला अर्थ नाही. जागा होती, ती मिटत चाललेली होती.

उलट बाजूने, तो खरोखर शेजारी आला आहे हे दिसल्यावर दार लावून घेणारा तेवढाच दोषी. दोन गाड्या वळणात जोडीने शिरल्या की दोघांचीही आवडती लाइन गेली. बाहेरच्याने बाहेरून जायचं, आतल्याने आतच राहायचं, बाहेर पडताना पसरून दुसऱ्याला गवतात ढकलायचं नाही.

सलून गाड्यांत, म्हणजे छप्पर असलेल्या नेहमीच्या बांधणीच्या गाड्यांत, थोडी घासाघाशी चालतेच, असं पॅडॉकमध्ये कानावर येईल. मला हे वाक्य आवडत नाही. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेतल्या सलून गाड्यांच्या शर्यतीत दुसऱ्या गाडीशी स्पर्श होऊन ५९ वर्षांचे के. ई. कुमार यांची गाडी ट्रॅकबाहेर गेली, कुंपणावर आदळून उलटली, आणि ते वाचले नाहीत. अनेक वर्षांचा अनुभव गाठीशी असलेले, सगळ्यांना आदर असलेले ड्रायव्हर होते. स्पर्श किती हलका होता यावर पुढचं काही ठरत नाही.

मागच्याला अडवायला लाइन बदलता येते का?

एकदा. सरळ पट्ट्यावर तुम्ही आतली बाजू धरलीत, ठीक. मग वळणाआधी पुन्हा रेसिंग लाइनकडे येताना कडेला एका गाडीची जागा ठेवायची. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे असं नागमोडी जाणं म्हणजे काळा-पांढरा झेंडा, आणि ब्रेकिंग चालू असताना लाइन बदलणं त्याहून वाईट. मागचा आधीच पकडीच्या टोकावर असतो, त्याला करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

ट्रॅकबाहेर गेलो तर परत कसं यायचं?

चारही चाकं पांढऱ्या रेषेच्या बाहेर गेली की तुम्ही ट्रॅक सोडलात. रेष ट्रॅकमध्ये धरतात, कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेची उंच रंगीत पट्टी, धरत नाहीत. दोन चाकं गवतात गेली तर झटक्याने स्टिअरिंग फिरवू नका. गवतातल्या चाकांना पकड नसते, तोवर गाडी सरळ जाते, पण ती डांबरावर चढली की पकड एकदम येते आणि गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडच्या भिंतीकडे जाते. स्टिअरिंग सरळ, वेग उतरू द्या, मग हळूच कडेने या. रेसिंग लाइनवर लगेच नको, आणि बाहेरून जाऊन मिळवलेली जागा परत करा.

गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा. चाकं जाम झाली की गाडी एका ठरावीक दिशेला घसरत राहते आणि मागचे तुम्हाला चुकवू शकतात. ब्रेक मध्येच सोडलात तर ती कुठल्याही दिशेला निघते. थांबल्यावर उलट तोंड असलं तरी मार्शलची खूण होईपर्यंत गाडी वळवू नका.

गाडी बंद पडली किंवा आपटली. उतरू का?

आग नसेल, धूर नसेल, तर उतरू नका. पट्टे बांधलेले ठेवा, हेल्मेट डोक्यावर ठेवा, मार्शलला हात वर करून ठीक असल्याचं दाखवा, कट-ऑफ ओढा, गिअर न्यूट्रलला. केजच्या आत तुम्ही सुरक्षित आहात, गवतात उभे राहिलात तर नाही. ९ ऑगस्ट २०१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या एका मातीच्या ट्रॅकवर केव्हिन वॉर्ड नावाचा वीस वर्षांचा ड्रायव्हर टक्करीनंतर रागाने गाडीतून उतरून दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीकडे चालत गेला आणि तिच्याच चाकाखाली आला. त्यानंतर कित्येक मालिकांनी मदत येईपर्यंत गाडीतच बसण्याचा नियम केला.

आग लागली तर सगळं सोडून बाहेर पडा आणि भिंतीपलीकडे जा. पाकीट, फोन, कॅमेरा, काहीही घेण्यासाठी वळायचं नाही.

मार्शल माझ्यावर ओरडला. तक्रार करू का?

बहुतेक मार्शल हौशी असतात. नाममात्र भत्ता, जेवणाचं पाकीट, दिवसभर ऊन. पोस्टवर साधारण दोघं असतात: एक येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून निळा सांभाळतो, दुसरा पिवळा घेऊन पुढच्या पट्ट्याकडे बघत असतो, म्हणजे येणाऱ्या गाड्यांकडे त्याची पाठ. डोक्यावर ओला पंचा, कानाला वॉकीटॉकी. १९७७ मध्ये क्यालामीला, २००० मध्ये मोंझाला आणि २००१ मध्ये मेलबर्नला फॉर्म्युला वनच्या शर्यतींत मार्शल मेले आहेत. तो ओरडला असेल तर आधी विचारा, तुम्ही काय केलं होतं. संध्याकाळी पोस्टवर जाऊन ‘दादा, थँक्यू’ म्हणणारे ड्रायव्हर फार थोडे असतात, आणि मार्शलना ते नावानिशी आठवतात.

स्टार्टला गाडी बंद पडली तर?

लगेच हात वर, खिडकीतून बाहेर. गाडी जागची हलवू नका, मागचे तुम्हाला चुकवतायत. मागच्या रांगेत असाल तर समोरच्या गाडीच्या ढुंगणाकडे बघत न राहता तिच्या काचेतून पलीकडे बघा. पहिल्या वळणावर टायर आणि ब्रेक दोन्ही थंड असतात, म्हणून रोजचा ब्रेकिंग पॉइंट तिथे चालत नाही. सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी अधिकृत गाडी, असताना रांग धरा, आणि ती आत गेली तरी ठरलेली रेष येईपर्यंत ओव्हरटेक नाही.

चेन्नईत पाऊस आणि ऊन, दोन्हीचं काय?

पावसात रेसिंग लाइनवर रबर बसलेलं असतं आणि ते ओलं झालं की घसरगुंडी होते. त्यामुळे नेहमीच्या लाइनच्या जरा बाहेरून जास्त पकड मिळते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला की स्टिअरिंग हलकं पडतं. तेव्हा ब्रेकही नको, वळवणंही नको. मागचा दिवा लावा, फवाऱ्यात तुमची गाडी दिसतच नाही.

उन्हाचा त्रास जास्त फसवा. नोमेक्सचे थर, बंद काचा, केबिनमध्ये इंजिनची धग. आदल्या दिवसापासून पाणी प्या, ओआरएस प्या, घरून कोकम नेलंत तर तेही चालेल, चहा-कॉफीवर भागवू नका. लॅप टाइम विनाकारण घसरायला लागला, ब्रेकिंग पॉइंट दोनदा हुकला, अंगावर काटा आला, तर पिटमध्ये या. आदल्या रात्रीच्या बिअरबद्दल वेगळं सांगायला नको. श्वासाची तपासणी सकाळी होते.

टक्कर झाली, चूक त्याची. आता?

पॅडॉकमध्ये त्याच्याकडे तावातावाने जाऊ नका. धक्काबुक्की झाली तर मूळ चूक कुणाची हे बाजूला राहून तुमच्यावरच कारवाई होते. कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा, क्लर्क ऑफ द कोर्सला, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला, कळवा. निकालाविरुद्ध हरकत घ्यायची तर निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत, लेखी, फी भरून. स्टुअर्डसमोर ‘तो नेहमीच असं करतो’ याला किंमत नाही. कितव्या लॅपला, कोणत्या वळणावर, तुमचं चाक कुठपर्यंत आलेलं होतं, हे सांगा.

गाडीचा विमा नुकसान भरून देईल?

नाही. नेहमीच्या खासगी कार पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी वगैरे स्पष्टपणे वगळलेलं असतं. आयोजकांच्या कागदपत्रांत ड्रायव्हरसाठी अपघाती विमा कितीचा आहे ते सही करण्याआधी वाचा, आणि तुमच्या आरोग्य विम्यात साहसी खेळांबद्दल काय लिहिलंय तेही.

मला काही झालं नाही, फक्त डोकं थोडं आपटलं. पुढची रेस पळू?

आधी ट्रॅकच्या डॉक्टरला दाखवा, त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर नाही. डोक्याला बसलेल्या धक्क्याची लक्षणं कधीकधी तासाभराने दिसतात: मळमळ, उजेडाचा त्रास, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. ही लक्षणं स्वतःला कळत नाहीत, म्हणून बरोबरच्या माणसाला सांगून ठेवा. हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम एकदा दबला की दबला, ते आता शेल्फवर. आणि कोइम्बतूरहून पुण्यापर्यंतचे जवळपास बाराशे किलोमीटर त्या रात्री तुम्ही चालवू नका.

घरच्यांना घेऊन येऊ का?

जरूर. गॅलरीत बसवा, टोपी आणि कानात घालायचे बोळे द्या. पिट लेनमध्ये लहान मुलांना सोडत नाहीत, तिथे हुज्जत घालू नका. मोठ्यांनाही तिथे चप्पल घालून जाता येत नाही, बंद बूट लागतात.